माझा भाला, माझीच ढाल

हे मनन सावकाश वाचायचं आहे. आत्ता घाई असेल तर बाजूला ठेवा. रात्रीची जेवणं आटपली, भांडी घासून झाली, घर शांत झालं की पुन्हा हातात घ्या. मधे मधे मी थांबायला सांगेन. तिथे खरंच थांबा. पुढची ओळ कुठे जात नाही.

तळहात

आधी नीट बसा. खुर्चीत, पाटावर, पलंगाच्या कडेला, जसं सोयीचं असेल तसं. दोन्ही तळहात छातीसमोर आणा आणि नमस्काराला जोडतो तसे जोडा. आता दाबा. उजव्या हाताने डावा ढकला, डाव्याने उजवा. अंगात आहे तेवढा जोर लावा आणि मनात वीस अंक मोजा.

काय झालं? हात जागचे हलले नाहीत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला तुम्ही देवाला हात जोडून बसल्यासारखे दिसला असता. आत मात्र दंड थरथरत होते. खांदे कानांकडे चढले होते, श्वास अडकला होता. दात आवळायची काहीच गरज नव्हती, तरी ते आवळले गेले.

आता सोडा. हात मांडीवर उलटे ठेवा. तळव्यांत ऊब जाणवेल. एवढा जोर लावूनही काहीच घडलं नाही असं वाटत होतं. जोर कुठे गेला ते या उबेत आणि दंडांच्या थकव्यात कळतं.

आता स्वतःला विचारा: दोन हातांत जिंकला कोणता?

प्रश्न मनात येतो न येतो तोच विरून जातो, कारण दोन्ही हात आपलेच आहेत. ही जाणीव जपून ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

बाजार

जुना प्रश्न आहे. कशानेही न थांबणारी शक्ती कशानेही न हलणाऱ्या वस्तूवर आदळली, तर काय होईल? शक्ती अडली, तर ती 'न थांबणारी' नव्हती. वस्तू सरकली, तर ती 'न हलणारी' नव्हती. कोणतंही उत्तर द्या, दोघांपैकी एकाचं नाव खोटं पडतं.

उत्तराची घाई करू नका. त्याआधी एक बाजार डोळ्यांसमोर आणा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा चीन. तेव्हा तो एक देश नव्हता. मोठी मोठी राज्यं एकमेकांशी लढत होती, त्यामुळे हत्यारांना गिऱ्हाइकं भरपूर. चू नावाच्या राज्यातला एक माणूस भाले आणि ढाली विकायला बसला आहे. तो ढाल उचलतो आणि सांगतो की जगातली कोणतीही वस्तू हिला भेदू शकत नाही. मग भाला उचलतो आणि सांगतो की हा जगातली कोणतीही वस्तू भेदतो. गर्दीतला एक जण साधेपणाने विचारतो, तुझाच भाला तुझ्याच ढालीवर मारला तर?

विक्रेत्याला उत्तर देता येत नाही. गोष्ट तिथेच संपते.

ही गोष्ट हान फेई या विचारवंताने लिहून ठेवली. इ.स.पू. २८० च्या सुमारास हान राज्याच्या राजघराण्यात त्याचा जन्म झाला. इतिहासकार सीमा च्यान याने नोंदवलं आहे की हान फेई बोलताना अडखळत असे, लिहीत मात्र उत्तम असे. चारचौघांत शब्द ओठांवर अडकणं म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाने एक गोष्ट लिहिली आणि ती एका गप्प झालेल्या माणसावर आणून सोडली. मला ती त्या माणसाची फजिती वाटत नाही. त्या दिवशी बाजारात पहिल्यांदा काही खरं घडलं असेल, तर ते त्या गप्प होण्यात.

चिनी भाषेत आजही विसंगतीला 'माओदुन' म्हणतात. माओ म्हणजे भाला आणि दुन म्हणजे ढाल. हाच शब्द जपानीत 'मुजुन' आणि कोरियन भाषेत 'मोसुन' झाला. एवढ्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात ते दुकान अजून मांडलेलंच आहे.

हान फेईला ही गोष्ट हवी होती ती एका वादासाठी. याओ आणि शुन या दोन प्राचीन राजांना कन्फ्यूशियसचे अनुयायी एकाच दमात आदर्श मानत. शुनची कथा अशी: ली डोंगराकडचे शेतकरी एकमेकांच्या हद्दीत घुसत होते. शुन तिथे गेला, त्यांच्यासारखीच शेती करू लागला आणि वर्षभरात बांध आपापल्या जागी आले. हान फेईने विचारलं, तेव्हा गादीवर कोण होतं? याओ. याओच्या राज्यात काही उणं नव्हतं, तर शुनने सुधारलं काय? आणि शुनला सुधारावं लागलं, तर याओ परिपूर्ण कसा? दोघांची अशी स्तुती एकाच तोंडाने करता येत नाही.

त्या शेतकऱ्यांचे बांध लक्षात ठेवा. आपण त्यांच्याकडेही परत येणार आहोत.

आत्ता फक्त एवढंच पाहा. त्या बाजारात विक्रेते दोन नव्हते. भाला आणि ढाल एकाच माणसाची होती. भांडण दोन वस्तूंचं आहे असं वाटत होतं, पण ते होतं एकाच तोंडातून निघालेल्या दोन वाक्यांचं.

चार श्वास घ्या. मग पुढे.

शब्द

आपल्याकडच्या तर्कशास्त्राने या दोषाला फार नेमकं नाव दिलं आहे: वदतोव्याघात. 'वदतः' म्हणजे बोलणाऱ्याचा, 'व्याघात' म्हणजे आघात, अडथळा. बोलणाऱ्याचं बोलणं त्याच्यावरच उलटतं. याचं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं उदाहरण म्हणजे 'माझी आई वांझ आहे' असं सांगणारा मुलगा. त्याला खोटं पाडायला साक्षीदार आणावे लागत नाहीत. तो बोलायला उभा आहे, हाच पुरावा.

चूच्या विक्रेत्याचं नेमकं कुठे चुकलं? त्याची ढाल वाईट नसावी. कदाचित तिने खरंच पाच-पंचवीस घाव झेलले असतील. भालाही चांगला असेल, कातडं आणि लाकूड भेदून गेला असेल. तो एवढंच म्हणाला असता, की ही ढाल चांगली आहे आणि हा भालाही चांगला आहे, तर त्याला कुणी अडवलं नसतं. पण त्याने 'कोणतीही वस्तू' असा शब्द वापरला. आजवर समोर आलेल्या वस्तूंवरून त्याने पुढे कधीही येऊ शकणाऱ्या सगळ्या वस्तूंबद्दल ग्वाही देऊन टाकली. त्याच्या शेजारी त्याचाच भाला पडलेला होता. त्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

या एका शब्दाचे भाऊबंद आपल्या बोलण्यात किती आहेत, ते आठवा. 'ब्रह्मदेव खाली आला तरी.' 'प्राण गेला तरी.' 'काळ्या दगडावरची रेघ.' 'मरेपर्यंत त्याच्या दारात पाय ठेवणार नाही.' रागात हे शब्द आपोआप येतात, आणि एकदा बाहेर पडले की आपल्याला त्यांची राखण करावी लागते. मूळ दुखणं केव्हाच भरून आलेलं असतं, पण दिलेला शब्द मोडवत नाही. मग आपण आपल्या मताची नाही, आपल्या वाक्याची पाठराखण करत बसतो.

इथे थांबा. गेल्या काही महिन्यांत तुम्ही बोललेलं असं एक वाक्य आठवा, ज्यात 'कधीच' किंवा 'काहीही झालं तरी' होतं. ते बरोबर होतं की चूक, हे आत्ता ठरवू नका. ते वाक्य समोर ठेवा आणि त्यातला फक्त तो एक शब्द बाजूला काढून पाहा. उरलेलं वाक्य तुम्हाला अजूनही मान्य आहे का?

बऱ्याचदा असतं. 'मला दुखावलं गेलं' हे खरं असतं. 'मी कधीच विसरणार नाही' हा भाला आपण त्यातून घडवलेला असतो.

आसन

आता त्या दोन कल्पनांकडे वळू. मराठीत दोन्हींना सुंदर शब्द आहेत. ज्याला अडवता येत नाही तो अनिरुद्ध, जो हलत नाही तो अचल. मुलाला आपण अनिरुद्ध म्हणून हाक मारतो. डोंगराला अचल म्हणतो: विंध्याचल, अरुणाचल, हिमाचल.

तुम्ही बसला आहात ती जागा स्थिर आहे का? महाराष्ट्राच्या अक्षांशांवर, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून, जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. सूर्याभोवतीचा पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आहे. एवढा परिच्छेद वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल, तर तेवढ्यात तुम्ही या पाटावरून न उठता ९०० किलोमीटर गेलात. कपातला चहा हिंदकळला नाही, कारण कपही तुमच्याबरोबर चालला आहे.

स्टेशनात गाडी उभी असते. शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. मग नजर पलीकडच्या फलाटावरच्या खांबाकडे जाते आणि उलगडा होतो. खांब नसता, तर कोण चाललं आहे हे ठरवायला आपल्याकडे काहीच नसतं. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ग्रंथात हेच जहाजाच्या बंद खोलीच्या उदाहरणाने सांगितलं: जहाज संथपणे एका गतीने चाललेलं असेल, तर आत बसलेल्याला कोणत्याही प्रयोगाने ते कळत नाही.

आता हळूहळू पुढचं पाऊल टाकू. न हलणारी वस्तू म्हणजे जिचा वेग कोणीच बदलू शकत नाही. आणि न थांबणारी? तीही तीच, जिचा वेग कोणीच बदलू शकत नाही. फलाटावरून जी अचल दिसते, धावत्या गाडीतून पाहणाऱ्याला तीच समोरून अनिरुद्ध वेगाने येताना दिसेल. म्हणजे प्रश्नातल्या त्या दोन वस्तू दोन प्रकारच्या नाहीत. गुण एकच आहे, फक्त आपण कुठे बसलो आहोत त्यावरून त्याचं नाव बदलतं.

हे पुन्हा एकदा वाचा. घाई नाही.

अशी वस्तू खरोखर असू शकते का? न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेले नियम सांगतात की नाही. मोकळ्या वस्तूला कितीही थोडा जोर लागला, तरी तिच्या वेगात काहीतरी फरक पडतोच. वजनदार वस्तूत तो कमी पडतो इतकंच. तुम्ही जमिनीवरून उडी मारता तेव्हा पृथ्वीसुद्धा तुमच्यापासून किंचित मागे सरते. मोजता येणार नाही इतकी किंचित, पण शून्य नव्हे. जगात फार जड वस्तू आहेत आणि फार वेगवान वस्तू आहेत. 'कधीच न बदलणारी' मात्र एकही नाही. ज्या प्रश्नाने इतका वेळ मती गुंग केली होती, त्यातली दोन्ही पात्रं फक्त आपल्या वाक्यांत राहतात.

एक तिसरी वाटही आहे. दोघं एकमेकांना स्पर्शच न करता आरपार निघून जातील. सूर्याकडून येणारे सुमारे ६००० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून जात आहेत आणि नखाला त्याचा पत्ता नाही. ते क्वचितच कुठे अडतात. त्यांची एखादी दुर्मिळ गाठ पडावी म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते. वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक त्यांनी १९६५ मध्ये तिथे केली. एकाच घरात राहून एकमेकांच्या आरपार जाणारी माणसंही आपण पाहिली आहेत. त्यांच्यात टक्कर होत नाही. पण त्याला भेटही म्हणता येत नाही.

शाळिग्राम

माझ्या आजीच्या देवघरात एक शाळिग्राम होता. लिंबाएवढा. काळा, गुळगुळीत, एका बाजूला फुटल्यासारखं तोंड आणि त्या तोंडात बारीक आऱ्यांचं एक चक्र. रोज सकाळी आजी त्याला ताम्हनात ठेवून पाणी घालायची. ओला झाला की त्याचा काळा रंग खोल व्हायचा आणि चक्राच्या रेघा उठून दिसायच्या. मला तो हातात घ्यायला मिळायचा फक्त पुसताना. हातात घेतला की वाटायचं त्याहून जड लागायचा.

तो शाळिग्राम आत्ता तुमच्या तळहातावर आहे असं समजा. त्याचा गारवा जाणवू द्या.

शाळिग्राम नेपाळमधल्या गंडकी नदीच्या पात्रात सापडतात, हिमालयात. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या कवचाचा ठसा. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तो जीव समुद्रात पोहत होता. आज जिथे जगातले सर्वांत उंच डोंगर आहेत तिथे तेव्हा पाणी होतं.

मग भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला. आशियाला भिडण्यापूर्वी त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. अडवणारा केवढा अवाढव्य आणि येणारा केवढा अवाढव्य! आपल्या प्रश्नाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं उदाहरण मला पृथ्वीवर माहीत नाही.

काय झालं? येणारा थांबला नाही, पण मंदावला. आज तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. तुमचं नख साधारण याच्या जवळपासच्या वेगाने वाढतं. जे अडवत होतं ते आशिया खंडही जसंच्या तसं राहिलं नाही. ते दाबलं गेलं, दुमडलं, जाड झालं. तिबेटखालचं भूकवच आज सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या खंडाच्या जवळजवळ दुप्पट. दोघांमधला समुद्र मिटला आणि त्याचा तळ आकाशात गेला. ज्याला आपण 'अचल' म्हणतो तो हिमाचल म्हणजे पाच कोटी वर्षं चाललेली हालचाल आहे. काळ्या दगडावरची रेघ कधी पुसत नाही म्हणतात. आजीच्या काळ्या दगडावरची रेघ समुद्रातून डोंगरात, डोंगरातून नदीत आणि नदीतून ताम्हनात आली होती.

इथे मनाला एक गोड निष्कर्ष सुचतो: संघर्षातून उंची मिळते. तो लगेच स्वीकारू नका. या टकरीची दुसरी बाजूही पाहायला हवी. हिमालयाखाली दोन भूकवचं नख वाढावं तशी सहज सरकत नाहीत. बऱ्याच ठिकाणी ती एकमेकांत अडकून बसतात. वर्षानुवर्षं पृष्ठभागावर काहीच घडत नाही. हलणार नाही म्हणणारा हलत नाही, ढकलणारा ढकलत राहतो आणि सगळा ताण खडकात साठत जातो. मग एखाद्या दिवशी ती अडकण सुटते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ती सुटली. काही सेकंदांत काठमांडूचा परिसर दक्षिणेकडे दीड मीटरच्या आसपास सरकला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. त्यांतल्या कुणीही त्या टकरीत कोणतीच बाजू घेतली नव्हती.

म्हणून 'काहीच हलत नाही' या स्थितीला शांतता समजू नका. तळहात दाबून धरले होते तेव्हा बाहेरून तुम्हीही शांत दिसत होता.

थांबा. खांदे पाहा. पुन्हा वर चढले असतील तर खाली सोडा.

दगड

ग्रीक पुराणात एक कोल्हीण आहे. तिला कुणीच पकडू शकणार नाही असं तिचं प्रारब्ध होतं. ती थीब्ज नगराला त्राही त्राही करून सोडत होती. तिच्यावर लेलॅप्स नावाचा शिकारी कुत्रा सोडण्यात आला. त्याचं प्रारब्ध असं, की ज्याच्यामागे तो लागेल ते सावज तो पकडणारच. दोघंही धावू लागली. आता देवाधिदेव झ्यूसलाही तोड सुचेना. त्याने दोघांनाही दगड करून टाकलं.

दगडाची ती जोडी मनात उभी करा. कोल्हीण अजून एका ढांगेने पुढे आहे. कुत्र्याचा जबडा अजून उघडा आहे. दोघांचं प्रारब्ध शाबूत राहिलं, फक्त दोघंही जिवंत राहिली नाहीत.

आपल्याकडे याला अबोला म्हणतात.

बांध

माझ्या आजोबांचा आणि त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा अबोला नऊ वर्षं टिकला. कारण वाटणीतला बांध. दोघांची शेतं लागून होती. मधे हातभर उंचीचा मातीचा बांध, त्यावर गवत आणि वरच्या अंगाला खुणेचा एक दगड. आजोबांचं म्हणणं, धाकटा दर नांगरटीला बांध कोरतो. धाकट्या आजोबांचं म्हणणं, थोरला रात्री दगड सरकवतो. दोघंही पहाटे शेतावर आले की आधी दगड पाहायचे, मग आभाळ.

मी लहान होतो. दोन्ही घरांत माझं जाणं-येणं होतं, कारण पोरांना अबोला लागू नव्हता. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानांवर पडायचं. फार वर्षांनी, या भाल्या-ढालीचा विचार करताना, माझ्या लक्षात आलं की मी दोन घरांत एकच वाक्य ऐकलं होतं. आजोबा म्हणायचे, "मी माझ्या जागी उभा आहे, तो सरकतोय." धाकटे आजोबा म्हणायचे, "मी माझ्या जागी उभा आहे, तो सरकतोय." दोघंही उभ्या गाडीत बसले होते. दोघांनाही शेजारची गाडी चालताना दिसत होती. स्वतःच्या नजरेत प्रत्येक जण ढाल होता आणि समोरचा भाला. मी भाला आहे असं त्या नऊ वर्षांत एकालाही एकदाही वाटलं नाही.

तुमच्या मनात आत्ता जो माणूस आला असेल, त्याला येऊ द्या. तुम्हाला तो चालून येताना दिसतो. त्याच्या ओट्यावर बसून पाहिलं, तर काय दिसत असेल? त्याचं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. फक्त तिथून कसं दिसतं, तेवढंच पाहा. दोन श्वास तिथे बसा आणि मग आपल्या घरी परत या.

नवव्या वर्षी आश्विनात अवेळी पाऊस झाला. रात्रभर ढग फुटल्यासारखा कोसळला. पहाटे आजोबा निघाले, मी मागे. शेतावर पोचलो तर बांध मधोमध फुटला होता. दोन्ही शेतांतलं पाणी त्या खिंडारातून ओढ्याकडे धावत होतं आणि माती घेऊन चाललं होतं. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. आजोबांच्या वाट्याची माती कोणती आणि धाकट्यांच्या वाट्याची कोणती, हे त्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता. ज्या इंचासाठी नऊ वर्षं घालवली, तो दोघांपैकी कुणालाच न मिळता खालच्या ओढ्यात निघाला होता. खुणेचा दगडही नव्हता.

धाकटे आजोबा आधीच आले होते. गुडघाभर पाण्यात उभे राहून फावड्याने खिंडाराच्या तोंडाशी दगड लावत होते. एक मोठा धोंडा चिखलात रुतला होता, तो निघेना. आजोबांच्या खांद्यावर पहार होती. ते बांधावर नुसते उभे. पाऊस भुरभुरत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, लहान मुलाला असा वेळ फार मोठा वाटतो.

धाकटे आजोबा वर न बघता म्हणाले, "दादा, पहार दे."

आजोबांनी पहार दिली नाही. ते स्वतः पाण्यात उतरले आणि धोंड्याच्या एका अंगाला पहार घातली. दुसऱ्या अंगाने धाकट्यांनी जोर लावला. धोंडा निघाला.

नंतर बांध पुन्हा घातला गेला. तो जुन्याच रेषेवर पडला का, हे कुणी पाहिलं नाही. मोजणी कधी झालीच नाही. कोण खरं होतं, ते मला आजही माहीत नाही. दोघांमधलं सगळं गोड झालं असंही नाही. आजोबा शेवटपर्यंत मधूनच त्या बांधाकडे बघून हुंकार द्यायचे. पण दिवाळीला दोन्ही घरांतून फराळाची ताटं निघाली, आणि ती पोचवायला मीच गेलो.

ली डोंगराकडच्या त्या शेतकऱ्यांचं मला आता थोडं समजतं. शुनने तिथे कुणाला ढकललं नाही आणि कुणापुढे अडून उभाही राहिला नाही. त्याने त्यांच्याच मातीत नांगर धरला. एवढ्याने सगळी भांडणं मिटत नाहीत, हान फेईचाही तसा विश्वास नव्हता. त्याला कायदा हवा होता, आणि हद्द ठरवायला कायदा लागतोच. पण कायदा येईपर्यंत माती वाहून जात असते. ती कुणीतरी अडवावी लागते.

पुन्हा तळहात

आता शेवटचं. तळहात पुन्हा छातीसमोर आणा, जोडा आणि दाबा. तितकाच जोर. दंडांतली थरथर ओळखीची झाली असेल.

आता एक हात जिंकवू नका आणि दुसरा हरवू नका. दोन्हींतला जोर एकदमच, हळूहळू, कमी करत या. आधी दात सुटतील. मग खांदे उतरतील. मग श्वास पोटापर्यंत जाईल. कुठेही हात वेगळे करू नका. जोर पूर्ण ओसरला की पाहा, हात अजून जोडलेलेच आहेत. मघाशी जे दुरून नमस्कारासारखं दिसत होतं, ते आता नमस्कार झालं आहे.

या स्थितीत चूच्या बाजारातल्या त्या माणसाकडे एकदा वळून बघा. तो अजून गप्प आहे. एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. गर्दी उत्तराची वाट पाहते आहे आणि हान फेईने त्याला तसंच सोडून दिलं आहे. त्याला काही सुचवण्याची घाई करू नका. त्याचं गप्प राहणं तुमच्या आत उतरू द्या. 'कोणतीही', 'कधीच', 'ब्रह्मदेव आला तरी' हे शब्द त्या शांततेत एकेक करून खाली ठेवा.

आणि ते खाली ठेवल्यावर, ज्याच्याशी बोलायचं राहिलं आहे त्याला पहिला शब्द काय म्हणायचा, तो शोधा. कोण बरोबर होतं ते सांगणारं मोठं वाक्य नको. चिखलात उभं राहून, वर न बघताही म्हणता येईल एवढा लहान शब्द पुरे.

तो सापडेपर्यंत बसा. सापडला की उठा.